सोळा मोजले तर सोळा लिहू द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले प्राथमिक शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांस,

विषय : पहिली ते चौथीच्या वर्गात जिवंत किडे ठेवून निरीक्षण शिकवू देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

विनंती आधीच सांगते, म्हणजे पत्र अर्धवट वाचून बाजूला ठेवलं तरी काम होईल. पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात अळी, मुंगी, ढालकिडा, डासाची अळी असे जिवंत जीव पाहू द्या. जे दिसलं ते त्यांना स्वतःच्या शब्दांत वहीत लिहू द्या. आणि ते पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून त्यावर लाल शाई चालवायला आम्हाला लावू नका. निधी नको, किट नको. नवा उपक्रम तर अजिबात नको. त्याबद्दल शेवटी बोलते.

मी तापीकाठच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. गावात कापूस, केळी, थोडा मका. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात, काही लेवा बोलीत, आणि सातपुड्यातून केळीच्या कामाला उतरलेल्या घरांतली पावरी बोलतात.

या मुलांना किडे नवे नाहीत. आईबरोबर निंदणीला गेलेली तिसरीतली मुलगी कपाशीच्या ओळीतून चालता चालता डोमकळी तोडून हातावर ठेवते. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळीने बांधून टाकते, फूल नीट उमलत नाही, मिटल्यासारखंच राहतं. तीच डोमकळी. एवढ्या फुलांतून नेमकं तेवढंच फूल तिला वेगळं दिसतं. मावा कोणता, तुडतुडा कोणता, हे तिला कळतं. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सकाळी किती पतंग अडकले ते मोजायचं काम बापाने तिच्याकडेच दिलेलं असतं. ही मुलगी शाळेत येते आणि आम्ही तिला विचारतो, फुलपाखराच्या अवस्था किती? ती म्हणते, चार. आम्ही म्हणतो, शाब्बास.

भिंतीवरच्या तक्त्यात त्या चारही अवस्था एकाच मापाच्या असतात. अंडं अळीएवढं, अळी फुलपाखराएवढी, मध्ये बाण. टाचणीच्या डोक्याएवढं अंडं पानामागे कुठे शोधायचं, ते तक्त्यावरून कळत नाही. किती दिवसांनी काय होतं, तेही कळत नाही. शेतात डोळे वापरणाऱ्या मुलांना शाळेत येऊन फक्त कान वापरावे लागतात, अशी आपली रीत पडली आहे.

हे बदलायला काय लागतं? रुईचं एक झाड.

ते खान्देशात कोणत्या गावाला नाही? शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, म्हणून देवळाच्या आसपास तर असतंच. तिथे नसलं तर गावठाणाच्या कडेला, उकिरड्यापाशी, रेल्वेच्या रुळांलगत असतं. बिबळ्या कडवा नावाचं नारिंगी, काळ्या कडेचं फुलपाखरू याच पानांवर अंडी घालतं. वर्षातून बऱ्याचदा घालतं, पण श्रावणातल्या कानबाईच्या रोटांपासून नवरात्रापर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे. पाऊस झालेला असतो, पानं कोवळी असतात, शाळाही नीट लागलेली असते. अंडं बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, एका जागी एकच, पांढरट, बारीक उभ्या रेघांचं. मोठ्या माणसांना ते सापडत नाही. वाकावं लागतं. पहिलीतली मुलं त्या पानाच्या उंचीचीच असतात, त्यांना चटकन सापडतं.

पान देठासकट आणायचं, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवायचं, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. झाकणाला खिळ्याने भोकं पाडू नका, आतल्या बाजूला धार राहते. बरणी उन्हात ठेवायची नाही. रोज तळातल्या लेंड्या काढायच्या आणि ताजं पान द्यायचं, नाहीतर बुरशी येते. आत एक काडी तिरपी उभी करायची, पुढे कोषाला लागते. एवढंच सामान. पावसाळ्यात अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी साधारण दोन आठवडे खाते, कोष आठवडाभर किंवा थोडा जास्त राहतो. महिनाभरात सगळं होतं.

आता या महिन्यात काय शिकता येतं ते सांगते. अळी अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा काय खाईल, हे मुलांना आधी विचारायचं. सगळी म्हणतात, पान. ती खाते स्वतःच्याच अंड्याचं कवच. अंदाज चुकला की मुलं अधिक जवळ येऊन पाहतात, हे मी प्रत्येक तुकडीत पाहिलं आहे. मग पानाची पाळी. रुईला चीक असतो आणि तो अळीच्याही तोंडाला चिकटतो. म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते, पुढचा चीक तुटतो, मग निवांत खाते. हे कोणत्याही मुलाला भिंगाशिवाय दिसतं, फक्त शेजारी बसायला वेळ हवा. त्या चिकातलं विष अंगात राहतं म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. तिचे काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके लपण्यासाठी नाहीतच. याच्या उलट कढीपत्त्यावरची किंवा लिंबावरची अळी. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवी होते. दोन बरण्या शेजारी ठेवल्या की कोण लपतं आणि कोण मिरवतं यावर वर्गात चर्चा सुरू होते, आणि ती आम्हाला सुरू करून द्यावी लागत नाही.

कडव्याच्या अळीला काळ्या धाग्यांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या असतात, एक पुढे, एक मधे, एक मागे. त्यामुळे पहिला वाद असतो तो तोंड कोणत्या बाजूला याचा. तो वाद मुलांनीच सोडवायचा असतो, पान कोणत्या टोकाकडून कमी होतं ते पाहून.

दुसरा वाद पायांचा, आणि हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहिते आहे.

अळीचे पाय मोजायला सांगितले की एक गट म्हणतो सहा, दुसरा म्हणतो चौदा, आणि एखादी मुलगी ओरडते, "सोळा पाय शेतस, बाई!" भांडण होतं. ते मिटवायला पुस्तक उघडायचं नाही, भिंग द्यायचं. भिंगातून दिसतं की डोक्याजवळचे तीन जोड टोकदार आहेत, सांध्यांचे आहेत. त्यानंतर काही भाग बिनपायाचा. मग मधे चार जोड मऊ, जाड, बुटके, आणि अगदी शेपटाशी आणखी एक जोड, तो पानाला घट्ट धरून असतो. चौदा मोजणाऱ्यांना हा शेवटचा जोड दिसलेला नसतो. सहा आणि दहा मिळून सोळा. मुलगी बरोबर आहे.

मग कोष होतो. अळी काडीला शेपटाने उलटी टांगून घेते, वाकडी होते आणि कातडी सोडते. आतून हिरवा किंवा गुलाबीसर कोष निघतो, त्यावर सोनेरी ठिपके चमकतात. बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि आतले पंख बाहेरून दिसू लागतात. फुलपाखरू बहुधा सकाळी निघतं. त्या दिवशी परिपाठ उशिरा होतो, होऊ द्या. तांबूस थेंब गळतात, मुलं घाबरून म्हणतात रक्त आलं. ते रक्त नसतं, कोषातल्या दिवसांतला साठलेला मळ असतो. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू ताठ होतात. तोवर हात लावायचा नाही.

आणि मग पुन्हा पाय मोजायचे. यावेळी मुलं मोजतात, चार.

सोळाचे चार झाले, आणि पुस्तकात कीटकाला सहा पाय लिहिले आहेत. पुस्तक चुकलेलं नाही. अळीच्या सोळांपैकी पुढचे सहा खरे पाय. मागचे दहा मांसल, त्यांच्या तळाला बारीक आकडे असतात, पानाला धरून राहण्यापुरतेच ते असतात आणि पुढे नाहीसे होतात. फुलपाखराचे पायही सहाच, पण या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते, उभं राहायला वापरली जात नाही. ती दाखवली की वर्गातून जो आवाज येतो, तो तक्ता दाखवून येत नाही.

याच्या आधीचा एक प्रसंग दरवर्षी जूनमध्येच घडतो. शाळा उघडते तेव्हा मृग लागून गेलेलं असतं, पहिल्या चांगल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचे किडे शेताच्या बांधावर फिरत असतात आणि मुलं ते काडीपेटीत घालून आणतात. त्याचे पाय मोजले तर आठ. तो कीटक नाहीच, कोळी आणि गोचिडीच्या गणगोतातला आहे. त्याच्या पिल्लांना मात्र सहाच पाय असतात. म्हणजे आमच्या शाळेतल्या एका मुलाने जूनपासून दसऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे पाय मोजले, तर त्याच्या वहीत आठ, सोळा आणि चार असे आकडे येतील. एकही सहा नाही. आणि तिन्ही खरे.

आता ही वही पाहणी करणाऱ्याच्या हातात येते. 'कीटकाला पाय किती' याखाली सोळा लिहिलं आहे, शिक्षिकेने दुरुस्त केलेलं नाही. शेरा काय येईल, ते आपण सगळे जाणतो. म्हणून आम्ही शेरा येण्याआधीच सोळाचे सहा करून ठेवतो. मुलगी ते पाहते. पुढच्या वेळी ती मोजत नाही, शेजारणीच्या वहीत बघते. चाचणीत सहा लिहायला मी तिला जरूर शिकवीन, ते शिकायलाच हवं. पण निरीक्षणाच्या वहीत तिने पाहिलेला आकडा राहू द्या, त्यावर तारीख असू द्या, आणि खाली तिचाच प्रश्न असू द्या, की मग उरलेले दहा गेले कुठे?

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आकारिक, म्हणजे शिकता शिकता चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आहे, प्रात्यक्षिक आणि प्रयोग आहे, उपक्रम आणि कृती आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकणं स्पष्ट लिहिलेलं आहे. जागा आहे, ती रिकामी आहे. वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात आम्ही 'परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो' हे तयार वाक्य पन्नास मुलांपुढे उतरवतो. त्याऐवजी एखाद्या मुलीपुढे 'अळी शीर तोडून पान खाते हे स्वतः पाहिले, चित्र काढले' असं लिहिलं तर ते चालेल, एवढं आपण केंद्राच्या बैठकीत तोंडी सांगितलं तरी पुरे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी एका साध्या गांधीलमाशीवर आयुष्यभराचं संशोधन उभं केलं. आपल्या खिडकीला, वळचणीला कागदासारखं घरटं करतात त्यांच्यातलीच ही एक जात. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे ती ओळखू येते, आणि मग बसून पाहायचं, कोण पिल्लांना भरवते, कोण अंडी घालते, राणी गेली की कोण राणी होते. जगाने मानलेलं हे काम मुख्यतः रंग, वही आणि बसण्याची तयारी यांवर झालं. आमच्या मुलांकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी आम्ही तासाची घंटा वाजवून काढून घेतो.

रुई सोडूनही पुष्कळ आहे. शाळेच्या वळचणीखाली, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही अशा भुसभुशीत मातीत शंकूसारखे खड्डे असतात. तळाशी एक किडा दडलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून वाळू उडवतो, मुंगी आणखी खाली येते. काडीने त्याला बाहेर काढलं तर तो उलटा, मागे मागे चालतो. पुढे त्याचा चतुरासारखा पंखवाला किडा होतो, हे मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सांगूच नका. माती भरलेल्या डब्यात ठेवा आणि अधूनमधून मुंगी द्या.

डासाची अळीही मी वर्गात ठेवते, आणि याला कोणाचा आक्षेप असेल तर तो मला समजतो. पण आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, घरोघरी टाकी, ड्रम, रांजण भरलेले असतात, आणि आरोग्य कर्मचारी येऊन भांडी तपासून कोरडा दिवस पाळा, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, म्हणून सांगून जातात. कोणी पाळत नाही, कारण आठवड्यातून एकदाच का, हे कोणाला माहीत नसतं. रांजणातलं पाणी काचेच्या बरणीत घ्यायचं, तोंड जाळीने घट्ट बांधायचं आणि पाहायचं. अळ्या शेपटाचं टोक पृष्ठभागाला लावून उलट्या लोंबकळतात, तिथूनच श्वास घेतात. बरणीला टिचकी मारली की वळवळत खाली जातात, थोड्या वेळाने पुन्हा वर येतात. मग त्या स्वल्पविरामासारख्या वाकड्या होतात, तो कोष. अंड्यापासून डास व्हायला या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. कोष दिसले की मुलांनीच पाणी कोरड्या मातीवर ओतायचं. हे पाहिलेलं मूल घरी जाऊन टाकी रिकामी करायला लावतं. बापाच्या मागे लागतं, अगदी डोकं खातं.

कपाशीच्या पानावर मावा असेल तिथे मुंग्या असतात, आणि मुंग्या नसतील तिथे ढालकिड्याची अळी असते. ही अळी ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. लांबट, काळपट, खवल्यांची, नारिंगी ठिपक्यांची. मावा खाणारी ही अळी पुष्कळ शेतकरी कीड समजून फवारणीत मारतात. वर्गातल्या डब्यात त्या अळीचा लाल ढालकिडा झालेला ज्या मुलाने पाहिला, ते मूल शेतात गप्प बसणार नाही. पाल, ममुराबाद, कोळदा इथल्या कृषी विज्ञान केंद्रांतल्या मंडळींना शाळेत बोलवावं, असं मला फार वाटतं. ट्रायकोकार्ड मिळालं तर उत्तमच. एका कार्डावर पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात, त्यांच्या आत परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या जिवावर वाढणारा, जीव असतो, आणि त्यांतून अळीऐवजी मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी निघते. ते बंद काचेच्या नळीत आणि भिंगाखालीच पाहायचं.

परोपजीवींची गाठ रुईच्या बरणीतही पडते. कधी कोष काळा पडतो आणि त्यातून फुलपाखराऐवजी माशी बाहेर येते. मुलं रडवेली होतात. त्यांना दुसरी बरणी देऊन समजूत घालण्याची घाई करू नये. माशीने अळीवर अंडं कधी घातलं असेल, बरणीत आणण्याआधी की नंतर, हे विचारावं. एरवी चार अवस्थांचा गोल पाठ करणाऱ्या वर्गाला त्या दिवशी कळतं की बहुतेक अंड्यांचं फुलपाखरू होतच नाही. ढिगाने येणाऱ्या फुलपाखरांच्या चित्रांत ही गोष्ट कधी येत नाही.

धोके आहेत, ते लपवत नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसणं बिघडू शकतं. पानं शिक्षकांनीच तोडायची, नंतर सगळ्यांनी हात साबणाने धुवायचे. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात फुलांवर बसणारे काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे अंगावर चिरडले तर फोड येतात. दगड उलटायचा तर काठीने, मुलांनी नाही, कारण खाली विंचू असतो, हे खान्देशात कोणाला सांगावं लागू नये. आग्या मोहोळाच्या झाडाखाली वर्ग घ्यायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फवारलेल्या शेतातून पान किंवा किडा आणायचा नाही. मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर ज्यांना त्रास झालेला आहे अशा मुलांची नावं पालकांना विचारून आधी लिहून ठेवावीत. एवढं पाळलं तर या कामात मैदानावरच्या खेळाहून जास्त जोखीम नाही.

एका गोष्टीवर मात्र बंदीच घाला, असं माझं मत आहे. ती म्हणजे थर्माकोलवर टाचणीने टोचलेल्या किड्यांचा प्रकल्प. प्राथमिकच्या मुलांकडून तो अजून कुठे कुठे मागितला जातो. मेलेल्या फुलपाखराचे पाय मोजता येतील, पण ते कशाने कसं खातं, कुठे अंडं घालतं, हे काही दिसत नाही. शिवाय फुलपाखरांच्या काही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या संरक्षणात येतात. कोणती जात संरक्षित आणि कोणती नाही, हे चौथीतल्या मुलाला किंवा त्याच्या बापाला कसं ओळखू येणार? २०१५ मध्ये निलवंत हे राज्य फुलपाखरू जाहीर करून महाराष्ट्र तसं करणारं पहिलं राज्य ठरला. त्याच राज्यातल्या शाळेत फुलपाखरू टोचून आणलं म्हणून चांगला शेरा मिळावा, हे बरं दिसत नाही. पाळलेला जीव सोडायचा, जिथून आणला तिथेच, हा नियम आम्ही वर्गात लावला आहे. एका वेळी दोन-तीनच अळ्या ठेवायच्या, हाही.

विज्ञान प्रदर्शनाची वेळ हा आणखी एक घोळ. प्रदर्शनं बहुतेक हिवाळ्यात येतात. तेव्हा मुलांनी पावसाळ्यात काय पाहिलं ते मांडायला काहीच जिवंत उरलेलं नसतं, मग ज्वालामुखी आणि पवनचक्कीची मॉडेलं विकत येतात. पहिली ते चौथीसाठी प्रदर्शन नकोच. भाद्रपदात एका शनिवारी केंद्रातल्या शेजारच्या दोन शाळांनी एकमेकींच्या बरण्या पाहाव्यात, वह्या वाचाव्यात. आनंददायी शनिवार आहेच, त्यात बसतं.

भाषेबद्दल थोडंसं. निरीक्षण आधी मुलाच्या बोलीत होतं. 'तुले काय दिखस?' असं विचारलं की तिसरीतला मुलगा पाच वाक्यं बोलतो. 'तुला काय दिसते ते प्रमाणभाषेत सांग' म्हटलं की 'अळी दिसते' म्हणून थांबतो. वहीत अहिराणी, पावरी, लेवा शब्द येतील. ते मराठीच्या तासाला सुधारता येतील, इथे नकोत. जीवाचं नावही लगेच सांगू नये, असं मला वाटतं. नाव कळलं की मुलांचं पाहणं संपतं. आमच्याकडे एका अळीला वर्गाने 'डफडं' म्हटलं होतं, का ते त्यांनाच ठाऊक, आणि खरं नाव कळेपर्यंत तिच्याविषयी वहीत भरपूर लिहून झालं होतं.

माझे सहकारी म्हणतील, आधीच कामं थोडी आहेत का? पोर्टल, पोषण आहार, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं. खरं आहे. पण बरणीला दिवसाकाठी दहा मिनिटं लागतात आणि पान बदलायला मुलंच धडपडतात. दुसरी अडचण अशी की आम्हाला किड्यांबद्दल फारसं माहीत नसतं. तेही खरं आहे, आणि त्यामुळे फारसं अडत नाही. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर 'मला माहीत नाही, पाहू या' म्हणायला शिक्षकाला भीती वाटू नये, इतकं आपण पाहणीच्या वेळी सांभाळलंत तर बाकीचं आम्ही सांभाळू.

आता शेवटची विनंती, जी मी सुरुवातीला राखून ठेवली होती. कृपया याचा उपक्रम करू नका. याला आकर्षक नाव देऊ नका. लोगो नको, उद्घाटन नको, 'प्रत्येक शाळेने किमान पाच अळ्यांचे फोटो दुपारी चारपर्यंत गटावर टाकावेत' असा संदेश तर नकोच. तसा संदेश आला तर त्या दिवशी जिल्ह्यातली सगळी रुई ओरबाडली जाईल, फोटो पोचतील आणि अळ्या मरतील. ज्या शिक्षकाला करायचं आहे त्याला करू द्या, ज्याला नाही त्याला विचारू नका. शाळेत आलात तर फोटो मागण्याऐवजी एखाद्या मुलाची वही उघडून त्याला विचारा, हे तू कुठून पाहिलंस, मला दाखव. आणि तो दाखवेल तिथे वाका.

जुलैच्या शिक्षण परिषदेत या विषयाला अर्धा तास मिळाला तर मी यायला तयार आहे. भिंगं माझी, बरण्या माझ्या. रुईची पानं मी सकाळी ताजी आणीन, तपासायला मात्र प्रत्येकाने स्वतः घ्यायची, आणि चहाच्या आधी हात धुवायचे.

आपली,
तापीकाठच्या शाळेतली एक प्राथमिक शिक्षिका